शिवकांताचं पथ्य

लातूर जिल्हा होऊन वर्ष उलटलं, तरी चांदेगावची जुनी माणसं जिल्ह्याच्या कामाला निघाली की अजून उस्मानाबादच म्हणतात. सवय आहे, जाईल हळूहळू. काही गोष्टी मात्र या गावानं फार चटकन विसरल्या. बहात्तरच्या दुष्काळात कुणाची जनावरं कुठल्या बाजारात गेली हे विचारा, पारावरचा कुणीही सांगेल. गुरुपादप्पा तेल्याच्या थोरल्या लेकीचं विचारा, तर म्हणतील, "ती व्हय, ती दुष्काळात गेली." आणि लगेच पानाची चंची उघडतील.

ती कशी गेली, हे सांगायला हवं.

उदगीरहून मुखेडकडे जाताना लागणारं हे गाव. अर्धी माणसं घरात कानडी बोलतात, अर्धी मराठी, आणि भांडताना सगळेच उर्दूचा आधार घेतात. गुरुपादप्पा इथला लिंगायत तेली. आज्याच्या काळापासूनचा लाकडी घाणा, दारात दोन बैल, आणि घरातल्या भिंतींनाही करडीच्या तेलाचा वास. महादेवाच्या देवळातल्या नंदादीपाला तेल याच घरचं. आज्यानं तसा शब्द दिला होता, आणि तीन पिढ्यांत तो दिवा एकदाही विझला नाही, हे गुरुपादप्पा आल्यागेल्याला न विचारता सांगायचा. माणूस वाईट नव्हता. पण आपल्याला सगळं कळतं असं वाटणारा होता, आणि असा माणूस घरात असला की घरातल्यांचे हाल कुत्रं खात नाही.

बहात्तरच्या आधीचं सालही कोरडंच गेलं होतं. त्या साली करडी कशीबशी आली, पुढच्या साली पेरलेलं उगवलंच नाही. बैल आधीच विकले गेले. घाणा थांबला. घरात शेवटच्या घाण्याचा एक डबा तेल उरलं होतं, तो गुरुपादप्पानं भिंतीतल्या देवळीत ठेवला आणि त्याला स्वतःशिवाय कुणाला हात लावू दिला नाही. त्यातलं रोज थोडं नंदादीपाला जायचं. दर सोमवारी तो चिंधी तेलात बुडवून घाण्याचं उखळ आणि त्यात फिरणारी लाकडी लाट पुसून काढायचा. बंद पडलेला घाणा कोरडा राहिला तर लाकूड तडकतं, उखळाला भेग गेली की घाणा संपला, हे त्याला बापानं शिकवलं होतं. उरलेल्यातलं चमचाभर गुणाबाईच्या फोडणीला मिळायचं. घरात माणसं चार: गुरुपादप्पा, त्याची बायको गुणाबाई, थोरली शिवकांता आणि तिच्याहून दोन वर्षांनी धाकटी सिंधु.

शिवकांता अठराची. तिची सोयरीक देवणीकडच्या महादेवप्पाच्या मुलाशी ठरली होती. पाऊस पडला की लग्न, असं बोलणं झालं होतं.

दिवाळी सरली आणि एका सकाळी लेकीला न्हाऊ घालताना गुणाबाईचा हात तिच्या दंडावर अडला. किसणीवरून हात फिरवावा तसं लागलं. कोपरांवर, गुडघ्यांवर, मांड्यांवर बारीक बारीक काटे उभे राहिले होते. प्रत्येक केसाच्या मुळाशी एक कडक ठिपका. खाजत नव्हतं, दुखत नव्हतं, पण लुगडं अडकायचं. ओठांचे कोपरे चिरले होते. गुणाबाईनं नवऱ्याला सांगितलं आणि गुरुपादप्पा लगोलग वीरभद्र स्वामींना घेऊन आला.

वीरभद्र स्वामी गावचे जंगम. लग्नं लावायचे, मेलेल्याला माती द्यायचे आणि मधल्या काळात झाडपाल्याचं औषध द्यायचे. त्यांनी दुरूनच कोपर पाहिलं.

"उष्णता फुटायलीय अंगातून," ते म्हणाले. "पथ्य धरावं लागंल. तेल बंद. शेंगदाना, तीळ, जवस, कारळं, समदं बंद. गूळ बी नको. कोरडी भाकर आन मीठ."

"किती दिस?" गुणाबाईनं विचारलं.

"कातडी साफ व्हईतोवर. आन गुरुपादप्पा, पोरीच्या तोंडचं जे तेल वाचंल ते घरात खाऊ नगा. महादेवाला द्या. एक वात लावताव, पाच लावा."

स्वामी भोंदू नव्हते. ते स्वतः दोन महिने रेशनवरच्या मिलो ज्वारीची लाल भाकर पाण्यात बुडवून खात होते. आणि चांदेगावात त्यांच्याशिवाय दुसऱ्या कुणाला विचारलं असतं तरी हेच सांगितलं असतं. या मुलखात कातडीला काही झालं की आधी तेल तोडतात. गळू येवो, खरूज होवो, अंगावरच्या पोराला पुरळ उठो, बाईच्या ताटातलं तेल पहिल्यांदा जातं. का, हे कुणी विचारत नाही. विचारणारीला आगाऊ म्हणतात.

गुरुपादप्पानं मग पथ्य असं धरलं की विचारू नका. त्याला वाटलं, आपल्या हातात काहीतरी आलं. गुणाबाई सिंधुच्या चटणीवर चमच्यातले चार थेंब तेल सोडायची, तेव्हा तो शिवकांताची भाकरी उचलून नाकाशी धरायचा आणि वास घेऊन परत ठेवायचा. संध्याकाळी पाच वाती घेऊन देवळात जायचा. पाच ज्योती लागल्या की त्याच्या जिवाला बरं वाटायचं. लेकीचं अंग मात्र दिवसागणिक खरखरीत होत गेलं. काटे पाठीवर चढले. हातांना भेगा पडल्या, त्या भरेनात.

"पथ्य कुठंतरी मोडायलंय," तो म्हणायचा.

"मी कुठं मोडू, अप्पा?" शिवकांता म्हणायची. "घरात हाय काय मोडायला?"

तिचं खरं होतं. पण सरकारनं एक दार उघडलं होतं. पौषात गावाबाहेर खडी फोडायचं काम निघालं आणि मायलेकी तिघी कामावर जाऊ लागल्या. तिथे दुपारी सुकडी मिळायची, पिठाची, गुळाची, तेलात भाजलेली. ओंजळभर असायची, पण पहिल्या दिवशी ती हातात पडली तेव्हा बायांचे डोळे भरून आले होते. शिवकांतानं आपला वाटा तोंडाजवळ नेला आणि आईकडे पाहिलं.

"तेल हाय त्यात," गुणाबाई हळूच म्हणाली. "गूळ बी हाय."

शिवकांतानं तो वाटा सिंधुच्या ओंजळीत ओतला आणि हातोडी उचलली. रोज असंच. सिंधुला लाज वाटायची, पण भूकही लागायची, आणि भूक जिंकायची. गुणाबाईनं दोनदा नवऱ्याला म्हणून पाहिलं, सरकारी सुकडीनं काय होतंय, खाऊ द्या की. गुरुपादप्पा तिच्यावर असा खेकसला की तिसऱ्यांदा तिनं तोंड उघडलं नाही. पुढे आयुष्यभर तिला त्या तिसऱ्यांदाची चुटपुट लागून राहिली.

कामावर उन्हात बाह्या वर गेल्या, आणि बायांना कोपरं दिसली. एकीनं दुसरीला दाखवलं. चौथ्या दिवशी शिवकांता पाण्याच्या घागरीकडे गेली तेव्हा मुकादम म्हणाला, "तू वंजळीनं पी. घागरीला हात लावू नगस." त्या दिवसापासून तिच्या खडीच्या ढिगाशेजारी कुणी बसेना. महारोग हा शब्द तोंडावर कुणी बोललं नाही. पाठीमागे सगळे तेवढंच बोलत होते.

हा शब्द देवणीला पोचायला आठ दिवससुद्धा लागले नाहीत. महादेवप्पा स्वतः आला. ओसरीवर बसला, पण पाण्याचा तांब्या दिला तो तसाच ठेवला. गुरुपादप्पा समजायचं ते समजला.

"सोयरीक मोडायला आलो न्हाई," महादेवप्पा म्हणाला. "आमचं घर शब्दाला पक्कं हाय. थोरलीच्या जागी धाकटी करून घेऊ."

"उपकार झाले," गुरुपादप्पा म्हणाला.

"ऐका पुरतं. थोरली घरात हाय तंवर जमनार न्हाई. धाकटीला बी त्योच रोग निघंल म्हनतेत लोक. थोरली कुठंतरी ठिवली, हेबी नको. तिचं कायमचं झालं पायजे." तो उठला. "म्हंजी काय, ते तुम्हीच बघा."

तो गेल्यावर गुरुपादप्पा बराच वेळ घाण्याजवळ उभा राहिला. दोन मुली. एक हातातून गेल्यासारखीच. दुसरीचं दार अजून उघडं आहे. बापानं काय करावं? त्यानं जे ठरवलं त्याला लोक शहाणपणा म्हणतील की पाप, हे त्यानं तेव्हा मनाला विचारलं नाही. गुणाबाईला मात्र बेत सांगितला. ती जमिनीवर बसली आणि डोक्यावरचा पदर तोंडात कोंबून रडली.

माघात एका पहाटेच्या एस.टी.नं त्यानं शिवकांताला नांदेडच्या बाजूला नेलं. मुखेडला गाडी बदलताना तिला चहा पाजला. तिनं विचारलं, "दवाखाना हाय का अप्पा?" तो म्हणाला, "हाय." नांदेडच्या पुढे, माळावर, कुंपणाच्या आत कौलारू बराकी होत्या. फाटकावर आत जाणाऱ्या एका बाईजवळ त्यानं लेकीला उभं केलं, तिचं नाव आणि गावाचा पत्ता सांगितला आणि "आलोच" म्हणून वळला. बोटं झडलेला एक म्हातारा फाटकाशी बसला होता. शिवकांतानं त्याच्याकडे पाहिलं आणि तिला कळलं आपल्याला कुठे आणलंय. तिनं हाक मारली नाही. मारली असती तर गुरुपादप्पा थांबला असता, असं तो पुढे स्वतःला सांगायचा. मला तसं वाटत नाही.

तिसऱ्या दिवशी तो गावात आला तेव्हा खांद्यावरचा टॉवेल डोक्यावर घेतलेला होता. पोरीला नांदेडला दवाखान्यात नेलं, तिथेच संपली, तिथल्याच जंगमानं माती दिली, असं त्यानं सांगितलं. गावानं मान हलवली. कुणी खोदून विचारलं नाही, कारण सगळ्यांनाच सुटल्यासारखं वाटलं होतं. वीरभद्र स्वामींना बोलावून त्यानं रीतीप्रमाणे गणाराधना केली, मेलेलीच्या नावानं जंगमांना जेवू घातलं. गुणाबाई खरंच रडली, त्यामुळे ते खरं वाटलं. पावसाची वाट न बघता वैशाखातच सिंधुचं लग्न झालं आणि ती देवणीकडे नांदायला गेली.

ज्येष्ठात पोस्टमननं एक कार्ड आणून दिलं. तुमची मुलगी शिवकांता हिला महारोग नाही. ती आता पूर्ण बरी आहे. इथे फक्त रोगी ठेवले जातात, तरी येऊन घेऊन जाणे. खाली डॉक्टरची सही.

गुरुपादप्पानं कार्ड चार वेळा वाचलं. मग बायकोला वाचून दाखवलं. गुणाबाईनं त्याचा हात धरला. लग्नाला तीस वर्षं झाली, तिनं असा हात कधी धरला नव्हता.

"आत्ता जावा," ती म्हणाली. "आत्ता. गावाला काय तोंड द्यायचं ते मी देते. सिंधुला त्यांनी माघारी धाडली तर दोघी बी माझ्यापाशी ऱ्हातील. पर माझं लेकरू आना."

तो निघाला. गाडीत बसल्यावर मात्र हिशेब सुरू झाला. गावानं विचारलं, मेलेली कशी उठली, तर काय सांगायचं? महादेवप्पाला काय सांगायचं? स्वामींना? मुखेड येईपर्यंत त्यानं तीन गोष्टी रचल्या आणि तिन्ही मोडल्या. तरी तो पुढे गेला, हे त्याच्या बाजूनं म्हणायला हवं.

कौलारू बराकींच्या व्हरांड्यात डॉक्टरीणबाई टेबलाशी बसल्या होत्या. पन्नाशीच्या, जाड चष्म्याच्या, आवाजाला करड्या. माघात त्यांनी त्याला पाहिलंच नव्हतं.

"शिवकांताला न्यायला आलोय," तो म्हणाला.

"कार्ड मिळालं तर! बसा." आणि त्या बसल्या बसल्याच सुरू झाल्या. "पोरीला पहिल्या दिवशी तपासलं. पिसानं, सुईनं. सगळं तिला कळत होतं. कुठे बधिर नाही, कुठे चट्टा नाही. महारोग नव्हताच तो. या काटेरी अंगाला बेडकाची कातडी म्हणतात. दुष्काळात ढिगानं दिसते. अन्नात तेल नसलं की होते."

"तेल?" गुरुपादप्पा म्हणाला.

"तेल. तेलात काही आम्लं असतात, स्निग्ध आम्लं म्हणतात त्यांना. कातडीचा वरचा थर त्यांच्यावर टिकतो. ओठांची, तोंडाच्या आतली कातडीसुद्धा. शरीराला ती स्वतः तयार करता येत नाहीत, खाण्यातूनच मिळावी लागतात. मिळाली नाहीत की वरचा थर सुकतो, केसांची मुळं बुजतात, काटे येतात, भेगा भरत नाहीत. वाळलेलं लाकूड बघितलंय ना, तेल न दिलेलं? तडकतं की नाही? तसंच आहे हे." त्यांनी चष्मा काढला. "आम्ही काय केलं? रोज दोन चमचे करडीचं तेल भाकरीवर, आणि थोड्या गोळ्या. करडीत ती आम्लं सगळ्यात जास्त. तीन महिन्यांत पोर स्वच्छ. तुमच्या मुलखात करडी पिकते ना?"

"पिकती."

"मग? तिच्या घरी तेलाचा थेंबही नव्हता का? काय करतात घरचे?"

गुरुपादप्पाच्या डोळ्यांपुढे दर सोमवारची चिंधी आली. तेलानं चमकणारं उखळ आलं.

"घाना हाय," तो म्हणाला.

"कसला घाणा?"

"तेलाचा."

डॉक्टरीणबाईंनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. मग त्यांचा पारा चढला. "घाण्याच्या घरची पोर, आणि तेलावाचून महारोग्यांत आणून टाकली? कोण बाप आहे हा? मला एकदा बघायचाय तो माणूस. तुम्हीच का बाप?"

व्हरांड्यात औषधाला आलेली दहा-बारा माणसं होती. सगळ्यांनी माना वळवल्या.

"न्हाई," गुरुपादप्पा म्हणाला. "मी गावचा हाय. शेजारी."

तोंडून निघून गेलं. निघून गेलं म्हणजे काय, त्यानंच काढलं.

"मग अवघड आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "लग्नाची मुलगी. आईबाप किंवा सख्खा भाऊ, याशिवाय कुणाच्या हाती देता येत नाही. निरोप द्या त्यांना, स्वतः या म्हणावं. भेटायचं तर भेटा, तिथे चिंचेखाली आहे ती."

ती चिंचेखाली गाठोडं घेऊन बसली होती. कार्ड धाडल्या दिवसापासून ती रोज सकाळी गाठोडं बांधून तिथे बसते, हे त्याला नंतर कळलं. आधी त्यानं तिला ओळखलंच नाही. हात गुळगुळीत होते, गालांवर तुकतुकी आली होती, केस चमकत होते. बापाला बघून ती उठली, पायांवर डोकं ठेवलं, आणि तिच्या तोंडभर हसू आलं.

"अव्वा बरी हाय?"

"बरी हाय."

"सिंधु?"

"लग्न झालं तिचं." तो दुसरीकडे बघत म्हणाला. "देवणीला."

शिवकांता हसायची थांबली. देवणीला म्हणजे कुणाच्या घरी, हे तिला सांगावं लागलं नाही. तिनं हातातलं गाठोडं खाली ठेवलं.

"मी जिती असताना त्यांनी करून घेतली तिला?" तिनं विचारलं. "गावात काय सांगितलंव अप्पा?"

तो टॉवेलाचं टोक पिळत राहिला.

"मेले म्हनून सांगितलं?"

त्यानं मान हलवली.

"गणाराधना केली माझी?"

"केली."

"किती जंगम जेवले?"

"पाच."

"काय केलतं जेवायला?"

गुरुपादप्पाला रडू येत होतं. तो म्हणाला, "नगं इचारू, बाई."

"सांगा की. माझंच जेवान हुतं."

"भात. आमटी." तो थांबला. "भजी."

"कशात तळली?"

गुरुपादप्पा जमिनीकडे बघत म्हणाला, "डब्यातलं तेल हुतं ऱ्हायलेलं. समदं ओतलं. पाच जन म्हनल्यावर लागतंय तेवढं."

शिवकांता एका हातानं दुसऱ्या हाताचं कोपर चाचपत राहिली. राग आला असता तर बरं झालं असतं. तिला राग आला नव्हता, तिला खूप थकायला झालं होतं.

तेवढ्यात डॉक्टरीणबाई वही घेऊन तिकडे आल्या. "शिवकांता, हे नक्की तुझे कोण? हे म्हणतात शेजारी. चेहरा तर सारखा दिसतोय. खरं सांग. वडील असतील तर आत्ता सही घेते आणि सोडते तुला."

शिवकांतानं बापाकडे पाहिलं. बापानं स्वतःला शेजारी म्हणवलं, हे ती आत्ता पहिल्यांदा ऐकत होती. ती त्याच्याकडे बराच वेळ बघत राहिली, तो काही बोलतो का याची वाट बघत. गुरुपादप्पाचे ओठ हलले. मी बाप आहे, एवढंच म्हणायचं होतं. आजूबाजूला माणसं होती, पलीकडे देवणी होती, चांदेगाव होतं.

"न्हाईत माझे कुनी," शिवकांता डॉक्टरीणबाईंना म्हणाली. "गावचे हायत. माझ्या अप्पाचं सांगायला आलते. अप्पा वारले म्हनं."

"अरेरे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि त्यांनी तिच्या पाठीवर हात ठेवला. "कधी?"

"दुष्काळात," ती म्हणाली. "बाई, सैपाकघरात मानूस पायजे म्हनत हुता न्हवं तुम्ही? मी ऱ्हाते." तिनं गाठोडं उचललं आणि बराकीकडे चालू लागली.

डॉक्टरीणबाईंनी वहीत काहीतरी लिहिलं, मग गुरुपादप्पाकडे वळून म्हणाल्या, "बरं झालं तुम्ही आलात. नाहीतर पोर रोज वाट बघत बसली असती. पाणी पिऊन जा."